माठाशेजारचा पारा

माझी चूक अशी, की सलग आठ उन्हाळे मी माठाचं तापमान मोजलं आणि ते पुण्याचं म्हणून लोकांना सांगत राहिलो.

एवढ्यावर भागलं असतं, तर हे लिहायचं कारण नव्हतं. पुण्यात घरटी एक माणूस काहीतरी चुकीचं ठामपणे सांगत असतो आणि त्यानं कुणाचं फारसं बिघडत नाही. पण त्या आकड्याच्या जोरावर मी माझ्या बायकोचा गाण्याचा वर्ग बंद पाडला. तेव्हा मात्र मी चारचौघांत ‘मुलींनी यायचं सोडलं’ असं सांगत असे. वर एक सुस्काराही टाकत असे.

मी पेठेत वाढलो. पेठेत उन्हाळा नसे. ऊन असे, घाम असे, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटे. पण उन्हाळा नसे. उन्हाळा नागपूरला असतो, जळगावला असतो. मुंबईला तर धड उन्हाळाही नाही, नुसता चिकचिकाट. पुण्यात फक्त ‘जरा ऊन जाणवतंय’ एवढंच होतं, आणि तेही बाहेरून आलेल्या लोकांमुळे. माझे वडील वैशाखातल्या दुपारी दारं-खिडक्या लावून, कमरेला पंचा गुंडाळून, हातातला वेताचा पंखा हलवत पाहुण्यांना सांगत, “आमच्याकडे पंखा लागत नाही.” हातातला तो पंखा त्यांच्या हिशेबी पंखा नव्हता, व्यायाम होता.

हे संस्कार घेऊन मी संसाराला लागलो. काही वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढल्यावर आम्ही धायरीत फ्लॅट घेतला. धायरी तेव्हा गाव आहे की शहर, हे धायरीलाही नक्की ठरवता येत नव्हतं. इमारतीच्या एका बाजूला ज्वारीचं रान आणि दुसऱ्या बाजूला पुढच्या इमारतीचा खड्डा. बिल्डरच्या गुळगुळीत कागदावर मात्र खडकवासल्याचं पाणी थेट आमच्या कठड्याखाली आलेलं होतं आणि त्यात एक शिडाची होडी सोडलेली होती. प्रत्यक्षात पश्चिमेकडच्या खोलीत, खिडकीच्या गजाला गाल लावून एक डोळा मिटला, की दूर दोन टेकड्यांच्या मध्ये पाण्याची चकाकती रेघ दिसायची. मार्चमध्ये रेघ. मेमध्ये तीही नाही; तिथं नुसता पांढुरका चिखल आणि त्यात चरणाऱ्या म्हशी. पण पाण्याची रेघ दिसली की माणूस तलावकाठचा होतो. मी ऑफिसात सांगायला सुरुवात केली, “आमच्याकडचं हवामान वेगळं. पाण्यावरून वारा येतो ना.”

फ्लॅट शेवटच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. खोल्या दोनच धरण्यासारख्या. एक पश्चिमेची, तलाव दिसणारी. दुसरी उत्तरेची, जिच्यातून काहीच दिसत नसे. शेजारच्या इमारतीची भिंत आणि एक शेवगा. तिला लागून अरुंद गॅलरी.

बायकोचा गाण्याचा वर्ग पेठेत असल्यापासूनचा. ती सांगलीकडची. लग्नात तिच्या बाईंनी, म्हणजे ज्यांच्याकडे ती गाणं शिकली त्यांनी, आपला स्वतःचा तानपुरा तिला दिला होता. त्या तानपुऱ्यासाठी आम्ही टेंपोत वेगळी गादी घातली. मी टेंपोच्या मागच्या फळीवर बसून आलो, तानपुरा गादीवर आला. धायरीत आल्यावर वर्गाला कुठली खोली द्यायची, हा प्रश्न निघाला. मी क्षणाचाही विलंब न लावता पश्चिमेची खोली देऊन टाकली.

“घरातली सगळ्यात चांगली खोली तुझ्या वर्गाला,” मी म्हटलं. “तलाव समोर. मुलींना गाताना पाणी दिसेल.”

“गजाला गाल लावून गातील का त्या?” ती म्हणाली.

मी हसलो. उत्तरेची खोली मी वाचनासाठी ठेवली. त्याग केल्यावर माणसाला जे एक प्रकारचं हलकं वाटतं, ते मला त्या दिवशी पुष्कळ वाटलं.

आता धायरीचा उन्हाळा. तो खरं तर तीन वेगवेगळे उन्हाळे असतात आणि त्यातले दोन माझ्या वाट्याला येत. सकाळचा उन्हाळा फार सुरेख. पहाटे अंगावर चादर ओढावी लागते, सिंहगड धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो, शेवग्यावर बुलबुल भांडत असतात. नऊ वाजता मी ऑफिसला निघे, तोवर ऊन नुकतं कुठं कामाला लागलेलं असे. संध्याकाळचा उन्हाळा त्याहून सुरेख. साडेसहाच्या सुमाराला पश्चिमेकडून वारा सुटतो, पडदे आत येतात, दारं आपटतात आणि माणसाला आपण पुण्यात राहतो याचा अभिमान वाटतो. मी घरी येई तो नेमका या वेळी. चहाचा कप घेऊन पश्चिमेच्या खोलीत खिडकीशी उभा राही आणि म्हणे, “काय हवा आहे!”

मधला उन्हाळा, अकरा ते सहाचा, मी कधी पाहिलाच नव्हता. माझं ऑफिस इंग्रजांच्या काळातलं, दगडी, हातभर जाड भिंतींचं. तिथं मे महिन्यात मी अर्ध्या बाह्यांचा स्वेटर खुर्चीला अडकवून ठेवी. रविवारी दुपारी मी उत्तरेच्या खोलीत वाचत पडे, म्हणजे पुस्तक छातीवर ठेवून झोपे. त्या मधल्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या भिंतीवर ऊन येऊन बसतं, वरचा स्लॅब सकाळपासून प्यायलेलं सगळं खाली सोडायला लागतो, चार वाजता आकाशात ढगांची मोठी जमवाजमव होते, आता काहीतरी होणार असं वाटतं आणि पाच वाजता ढग काही न बोलता निघून जातात. हे सगळं मला फार नंतर कळलं. घरातल्या दुसऱ्या माणसाला ते रोज कळत होतं; पण तिनं मला सांगितलं तेव्हा माझ्याकडे पारा होता.

पारा मी हौसेनं आणला होता. लाकडी पट्टीवरची काचेची नळी. तापमान सावलीत मोजतात हे मला शाळेपासून ठाऊक, म्हणून ती मी उत्तरेच्या गॅलरीत, कोपऱ्यातल्या खिळ्याला लावली. त्याच कोपऱ्यात तिवईवर आमचा माठ असे, मातीचा, पाझरणारा, वर ओलं फडकं गुंडाळलेला. फडक्याचं टोक वाऱ्यानं हलून अधूनमधून पट्टीला लागे. माझ्या दृष्टीनं तो योगायोग होता.

“माठाच्या कुशीत लावलंय तुम्ही ते,” बायको पहिल्याच दिवशी म्हणाली.

“सावलीतच लावायचं असतं.”

“सावलीत. ओल्यात नाही.”

“शास्त्र आहे हे,” मी म्हटलं, आणि विषय संपला. घरात मी ‘शास्त्र’ म्हटलं की विषय संपत असे. ते कुठलं शास्त्र, हे विचारायचं तिनं लग्नानंतर दुसऱ्या वर्षीच सोडलं होतं.

तेव्हापासून रविवारी दुपारी झोपेतून उठून मी आकडा वाचे आणि सोमवारी ऑफिसात जाहीर करी. वर्तमानपत्रात चाळीस छापलेलं असलं की मी पस्तीस म्हणे. कुणी म्हणालं, “अहो, वेधशाळा सांगते ना,” की मी मंद हसून म्हणे, “ते शिवाजीनगरचं. शहराचं. आम्ही तलावाकाठी.” त्या मंद हास्याची मला आज सर्वांत जास्त लाज वाटते. आकडा चुकीचा होता हे एक वेळ ठीक, पण ते हसू अगदी मनापासूनचं होतं.

सुट्टीतला वर्ग हा हिचा वर्षातला मोठा वर्ग. एरवी सहा-सात मुली, एप्रिल-मेमध्ये पंधरा-सोळा. तीन ते सहा अशी वेळ, कारण दुपारी घरातल्या मोठ्या माणसांना झोपायचं असतं आणि मुलीनं गाणं शिकावं ही तळमळ त्यांना नेमकी जेवण झाल्यावर लागते. वर्ग संध्याकाळी घेता आला असता. पण संध्याकाळी मी घरी असे आणि मला शांतता लागे.

धायरीतल्या दुसऱ्या उन्हाळ्यात एका रात्री जेवताना ती म्हणाली, “अहो, दोन महिने खोल्या बदलू या का?”

“कसल्या खोल्या?”

“वर्ग तुमच्या खोलीत घेते. तुम्ही नाहीतरी दुपारी नसता. मुलींना फार होतं तिकडे. तानपुरा लावावा, तर एक चीज संपेपर्यंत सूर उतरलेला असतो.”

“आणि माझी पुस्तकं?”

“पुस्तकांना गाणं ऐकू येत नाही.”

“अगं, पण तलावाकडची खोली सोडून भिंतीकडे तोंड करून बसवणार का मुलींना? आणि इतकं काही ऊन नाही. बघ ना, पस्तीस आहे.”

 ती ताटात आमटी वाढून घेत म्हणाली, “माठाला विचारलंत वाटतं.”

मला वाटलं, विनोद केला. मीही त्यावर एक विनोद केला. काय केला ते आठवत नाही. आठवला असता तर इथं लिहून शिक्षा भोगली असती.

कूलर घेऊ का, असं मी विचारलं हे मान्य करायला हवं. पण ते मी अशा आवाजात विचारलं, की त्यात ‘तलावाकाठी कूलर, लोक हसतील’ हे आपोआप ऐकू यावं. ती म्हणाली, कूलरच्या घरघरीत तानपुरा ऐकू येणार नाही. मी म्हटलं, “बघ, म्हणजे प्रश्नच मिटला.” मला खरोखर वाटलं, मिटला.

त्या वर्षी दोन-तीन मुली गैरहजर राहायला लागल्या. आया दारातून सांगून जात, ऊन फार आहे, दोन दिवस पाठवत नाही. मला ते झोंबलं. माझ्या घरात ऊन आहे असं कुणी परस्पर ठरवावं? मी पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात पाटी लिहिली आणि दाराबाहेर लावली :

‘वर्गास उन्हाचे कारण सांगून गैरहजर राहू नये. येथे तलावावरून वारा येतो. प्रत्यक्ष तापमान आत पाहण्यास मिळेल.’

शेवटचं वाक्य विशेष चांगलं जमलं असं मला वाटलं. बायकोनं पाटी वाचली आणि विचारलं, “तिकीट किती ठेवलंय?”

पाटी राहिली. आणि खरंच एक आई प्रत्यक्ष तापमान बघायला आली.

ती धायरीतलीच, मूळ गावातली. ज्या रानात आमची इमारत उभी होती ते तिच्या सासऱ्यांचं. तिची आठ-नऊ वर्षांची मुलगी वर्गाला यायची. आवाज मोठा गोड, असं बायको म्हणायची. तो दुसरा शनिवार होता, म्हणून मी घरी होतो. चारच्या सुमाराला आतून गाणं थांबल्याचं कळलं, मग धावपळ. मी डोळे चोळत बाहेर आलो तर त्या मुलीचा घोळणा फुटलेला. फ्रॉकवर रक्त, पेटीच्या पट्ट्यांवर दोन थेंब. बायको तिचं डोकं पुढे झुकवून नाक धरून बसली होती आणि बाकीच्या मुली भिंतीला चिकटून उभ्या होत्या. निरोप गेला, आई आली. पोरीला तिनं ओढणीनं पुसलं, उराशी धरलं. आणि मी, घरातला कर्ता पुरुष, अशा वेळी काय बोलावं? मी म्हटलं, “उन्हानं नसेल हो. आत्ताच बघितलं मी, पस्तीसच आहे. अंगात उष्णता असेल तिच्या.”

त्या बाईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी झोपेतून उठल्यामुळे बनियनवर होतो आणि अंगाला सतरंजीचे वळ उमटले होते.

“दादा,” ती म्हणाली, “तुमची नळी खरी हाय. पण ह्ये रगात बी खरंच हाय की.”

मग बायकोकडे वळून म्हणाली, “बाई, तुमच्यावर राग न्हाई माझा. पण ह्या खोलीत पोर न्हाई धाडायची मी.”

ती गेल्यावर मी बायकोला म्हटलं, “नळी नव्हे, तापमापक.” ती ओल्या फडक्यानं पेटीच्या पट्ट्या पुसत होती. 

पुढच्या उन्हाळ्यात आठ मुली आल्या. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तीन. गावात बातमी पसरली होती आणि ती माझ्या पाटीपेक्षा जास्त लोकांनी वाचली होती. मी कारणं देत होतो : हल्लीच्या मुलांना सहनशक्ती नाही, टीव्ही आहे, पोहण्याचे क्लास आहेत, शास्त्रीय संगीताला कुणी विचारत नाही. संस्कृती बुडते आहे असं मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सांगे आणि वर ताक पिई.

मग एका मे महिन्यात तानपुरा तडकला. दुपारी मुली बसल्या असताना ‘टक्’ असा आवाज झाला म्हणे. भोपळा आणि दांडी यांच्या सांध्यात फट पडली आणि तिथून भोपळ्यावर एक बारीक चीर उतरली. मी संध्याकाळी आलो तेव्हा वारा सुटला होता, पडदे उडत होते आणि ती त्या तानपुऱ्याच्या शेजारी बसली होती.

“हवा कोरडी आहे ना आपली,” ती म्हणाली. “घाम येत नाही. लाकूड मात्र वाळतं.”

आयुष्यभर मी पुण्याच्या कोरड्या हवेची स्तुती करत आलो होतो. त्या वाक्यात काय होतं ते मला ऐकू यायला हवं होतं. मी म्हणालो, “जुनाच होता तसा तो.”

त्या जूनपासून वर्ग बंद झाला. तिनं पेटी कपाटात ठेवली, तानपुरा कापडात गुंडाळला. पाटी मीच काढली. तिचा मागचा भाग कोरा होता, म्हणून जपून ठेवली. पश्चिमेची खोली पाहुण्यांची झाली. पाहुणे दुपारी तिथं थांबत नसत. त्यांना पुण्यात फार कामं निघत.

काही उन्हाळे असे गेले. मग एका एप्रिलमध्ये गॅलरीतल्या तिवईचा पाय मोडला आणि तिनं माठ उचलून स्वयंपाकघरात नेला. दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी उठून मी आकडा वाचला आणि चष्मा पुसून पुन्हा वाचला. एका आठवड्यात पारा पाच अंशांनी चढला होता. मी पट्टी खाली काढून, ताप मोजायच्या थर्मामीटरचा पारा उतरवायला झटकतात तशी झटकली.

“तो झटकून उतरणारा नाही,” ती आतून म्हणाली.

चहाच्या वेळी मी फार अस्वस्थ होतो. मी तिला समजावून सांगितलं, की हा केवळ उन्हाळा नाही. टेकड्या फोडल्या, झाडं तोडली, जिकडेतिकडे सिमेंट झालं, आयटीवाले आले, गाड्या वाढल्या. तलावाकाठचं हवामानही आता राहिलं नाही. पुणं संपलं.

तिनं बशीत चहा ओतला. “एका आठवड्यात?”

“काय एका आठवड्यात?”

“मागच्या रविवारी पस्तीस होतं ना? मग ह्या आठवड्यात काय काय झालं पुण्यात? टेकडी कुठली फोडली?”

मी मनातल्या मनात टेकड्या मोजल्या.

“आपल्या घरात मात्र एक गोष्ट झाली,” ती म्हणाली. “माठ आत आणला.”

मी चहा संपवला. गॅलरीत गेलो. भिंतीवर जिथं माठ असे तिथं ओलीचा एक मोठा गोल डाग होता आणि माझा खिळा त्या डागाच्या बरोबर काठावर होता. डाग आठ वर्षांचा होता. तो मला दिसला नव्हता असं म्हणणं खोटं होईल. त्याच्याकडे बघतच मी दर रविवारी आकडा वाचत होतो.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी, बायको स्वयंपाकघरात फरशीला पाठ लावून पडली असताना, मी ती पट्टी घेऊन पश्चिमेच्या खोलीत गेलो. दार लावलं. वर्गाची सतरंजी कोपऱ्यात गुंडाळलेली होती, ती पसरली आणि बसलो. तीन वाजले होते. पट्टी समोर ठेवली. पण खरं सांगायचं तर तिच्याकडे बघायची गरज पडली नाही. पंखा फिरत होता आणि वरची गरम हवा काळजीपूर्वक खाली आणत होता. भिंतीला टेकलो तर भिंत तव्यासारखी. मग माझ्या लक्षात आलं, की भिंतीवर मुलींच्या पाठी घासून झालेले मळकट डाग सगळीकडे नाहीत. ते सगळे एकाच कोपऱ्यात आहेत, कपाटाच्या आडोशाला, जिथं ऊन सगळ्यात शेवटी पोचतं. पंधरा मुली तेवढ्याशा सावलीत एकमेकींना चिकटून बसत असणार. आणि खिडकीसमोर, उन्हाच्या तोंडावर, एक डाग वेगळा होता, एकट्याचा, थोडा उंचावर. तिथं मुलींच्या बाई, म्हणजे माझी बायको, बसत असे.

मी उठून तिथं बसलो. चार वाजता ढग आले. पाच वाजता गेले. मी पाचपर्यंत टिकलो नाही, हेही सांगून टाकतो. ढग गेल्याचं मी उत्तरेच्या गॅलरीतून बघितलं.

त्यानंतर मी माफी मागायला सुरुवात केली. माझ्यासारख्या माणसाची माफी एका दिवसात होत नाही. प्रथम मी कलिंगड आणलं.

“हे कशाबद्दल?” तिनं विचारलं.

“उन्हाळा आहे,” मी म्हटलं.

“आहे का?” ती म्हणाली आणि सुरी आणायला गेली.

मग मी ती जुनी पाटी शोधली. कोऱ्या बाजूवर लिहिलं : ‘या जागी पूर्वी लावलेल्या पाटीतील मजकूर चुकीचा होता. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे.’ अक्षर उत्तम आलं. तिला दाखवली. तिनं चष्मा लावून दोनदा वाचली.

“कुणासाठी आहे?”

“सगळ्यांसाठी.”

“दारात आता कुरिअरवाला येतो आणि केबलवाला. त्यांची काय गैरसोय केलीत तुम्ही?”

“मग तुझ्यासाठी समज.”

“मी आतच राहते,” ती म्हणाली. “मला पाटी कशाला? तोंड आहे ना तुम्हाला?”

तोंड होतं, पण ते आयुष्यभर सांगण्यासाठी वापरलेलं होतं. दोन दिवस मी तयारी केली. रविवारी सकाळी उत्तरेच्या खोलीतली सगळी पुस्तकं एक एक करून पश्चिमेच्या खोलीत नेली, रिकाम्या झालेल्या उत्तरेच्या खोलीची फरशी पुसली, वर्गाची सतरंजी तिथं अंथरली आणि पेटी कपाटातून काढून ठेवली. माळ्यावर चढून तानपुरा शोधला. नव्हता. घामानं निथळत मी खाली उतरलो, तशी ती दारात उभी.

“काय शोधताय?”

“तानपुरा. मिरजेला पाठवून जोडून आणू.”

“तो जोडून आला, त्याला तीन वर्षं झाली,” ती म्हणाली. “त्या मुलीकडे आहे. घोळणा फुटला होता ना, तिच्याकडे. तिच्या आईनंच माणूस पाठवून मिरजेहून नीट करून आणला. वाजतो चांगला.”

“आणि तुला कसं माहीत?”

“आठवड्यातून दोनदा शिकवायला जाते मी तिला. त्यांचं जुनं घर आहे ना खाली गावात, ओसरीवर. कडुलिंब आहे दारात. गार असतं.”

मी माळ्याच्या शिडीला धरून उभा होतो. “मला वाटायचं तू भाजी आणायला जातेस.”

“येताना भाजीही आणते,” ती म्हणाली.

तीन वर्षं मी ती भाजी खात होतो. ती कुठून येते हे मी एकदाही विचारलं नव्हतं. एवढं सगळं मोजणारा माणूस मी.

दुपारी जेवणं झाली. तीनच्या सुमाराला मी तिला म्हटलं, जरा पश्चिमेच्या खोलीत ये. ती म्हणाली, “आत्ता? तिकडे? काय बोलायचंय ते संध्याकाळी बोला, वारा सुटल्यावर.” मी म्हटलं, नको. वारा सुटल्यावर मला सगळंच बरोबर वाटायला लागतं.

ती आली. पुस्तकांचे गठ्ठे होते, त्यामुळे बसायला जागा कपाटाच्या आडोशालाच उरली होती. तिथं तिला बसवलं आणि मी खिडकीसमोर, त्या एकट्या डागाला पाठ लावून बसलो. ऊन थेट तोंडावर येत होतं. घाम डोळ्यांत उतरला तेव्हा ती पदर पुढे करणार होती, मी हातानंच नको म्हटलं.

“प्रस्तावना लांब आहे का?” तिनं विचारलं. “कारण मला चक्कर येईल.”

प्रस्तावना होती. चांगली दीड पानाची, पाठ केलेली. ती मी गिळली आणि म्हणालो, “तू माझ्याकडे खोली मागितली होतीस. दोन महिन्यांसाठी. मी दिली नाही. मुलींनी यायचं सोडलं नाही, मी त्यांना घालवलं. तुझ्या बाईंचा तानपुरा माझ्या हट्टानं तडकला, आणि मी तुला म्हटलं, जुनाच होता. इथं किती तापतं हे तू मला सांगत होतीस आणि मी माठाला विचारत होतो. माझं चुकलं. उद्या गावात जाऊन त्या मुलीच्या आईलाही सांगतो. पण आधी तुला सांगतो. माझं चुकलं.”